नाव जोडल्यावर किती माणसं

“मागं नाव जोडली, तर वर किती माणसं बसतील?” अक्कांनी विचारलं.

शोरूममधल्या सेल्समनने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काचेतून बाहेर. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. सांगलीच्या भर रस्त्यावर एक जुनी जीप उभी होती, जीपच्या मागे ट्रेलर होता आणि ट्रेलरवर आमची पांढरी फायबरची नाव. येणारी-जाणारी माणसं गाड्या हळू करून तिच्याकडे बघत होती. जीपपाशी थांबलेल्या कुलदीपला एकाने विचारलंही, की यंदा पाऊस लवकर येणार आहे का.

“आजी, आत पाच जण आरामात बसतात,” सेल्समन म्हणाला. “आणि ओढायचं म्हणाल तर ही तीन टन ओढते. तुमची नाव म्हणजे हिला काहीच नाही.”

“आतलं न्हवं. मागं, हौद्यात.”

“मागे माणसं बसवायला परवानगी नसते. मागे फक्त सामान.”

“बरं. मग माणसांच्या वजनाचं सामान. किती?”

त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. अक्का माझ्या सासूबाई. साठी ओलांडलेली, पांढऱ्या साडीचा पदर कानामागे घट्ट खोचलेली बाई गाडीच्या मागच्या फळीवर हात ठेवून उभी होती. गाडीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, याची मला खात्री होती. त्या दिवशी मला कळत नसलेल्या गोष्टीच जास्त होत्या, पण ते नंतर समजलं.

आमचं गाव कृष्णेच्या काठावर, सांगलीपासून तासाभराच्या अंतरावर. मोठ्या पुरात गाव छपरापर्यंत बुडालं होतं. त्याच पुरात माझे सासरे गेले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. पाणी ओसरल्यावर पुण्याच्या काही मंडळींनी गावाला नाव दिली, इंजिनसकट. गावातल्या वेल्डरने तिच्यासाठी ट्रेलर बनवला. राहिली होती ती ओढायला गाडी. ट्रॅक्टर गावात पुष्कळ होते, पण पूर आला की जो तो आपला ट्रॅक्टर जनावरं आणि धान्य हलवायला नेतो, तेव्हा नावेसाठी कुणाचाच मिळत नाही. म्हणून गावाने कमिटी केली. बायकांच्या वतीने तिच्यात मी होते. कमिटीने ठरवलं की पिकअप घ्यायची, आणि पसंतीही जवळजवळ झाली होती. पुढे-मागे सीट असलेली, मागे छोटा हौदा असलेली डबल कॅब. पूर नसेल तेव्हा आजाऱ्यांना दवाखान्यात न्यायलाही बरी. मी फक्त जाऊन ती बघायची आणि होकार कळवायचा, एवढंच काम होतं.

मग अक्का म्हणाल्या, मी येते. आणि नाव बरोबर घ्यायची. आणि गाडी चालवायला बोरजाईच्या कुलदीप खोतला बोलवा.

यातलं एकही मला कळलं नाही. अक्का त्या पुरानंतर देवळाशिवाय कुठे जात नव्हत्या. नाव नेण्याचं कारण विचारलं, तर म्हणाल्या, बैल बघितल्याशिवाय जू कुणी करतं का. आणि कुलदीप आमच्या गावचा नाही, कमिटीतला नाही, नात्यातला नाही. नदीच्या खालच्या अंगाला बोरजाई, तिथे त्याचं कोंबड्यांचं शेड. पूर्वी त्याच्याकडे पिकअप होती, ती त्याने विकली होती, एवढंच मी ऐकून होते. निरोप गेल्यावर तो मित्राची जीप घेऊन सकाळी दारात हजर झाला. अक्कांच्या पाया पडला. अक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि मागेही घेतला नाही, हात मधेच राहिला. सांगलीपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत.

माझे यजमान, सुकुमार, मिरजेच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांना हे सगळं पोरखेळ वाटत होतं. “आई म्हणते तर फिरवून आण,” म्हणाले, “पण डबल कॅबच पक्की करून या.”

तर त्या डबल कॅबपुढे आम्ही उभ्या होतो, आणि सेल्समनने शेवटी कॅटलॉग उघडून एक आकडा दाखवला. गाडीने पाठीवर घ्यायचं वजन. मी तो दोनदा वाचला.

“तीन टन ओढते म्हणालात ना?” मी म्हटलं. “मग हे तर एक टनसुद्धा नाही.”

“मॅडम, ते ओढण्याचं. हे वाहण्याचं. दोन्ही वेगळं असतं.”

अक्कांनी कुलदीपला आत बोलवायला सांगितलं. तो दारातच चपला काढायला लागला, तेव्हा सेल्समन हसला. अक्का त्याला म्हणाल्या, हिला सांग नीट. कुलदीपने फरशीकडे बघत सांगितलं, की नावेचं सगळं वजन ट्रेलरच्या चाकांवर नसतं. काही भाग हुकावर दाबून बसतो. हुक गाडीचा, म्हणजे ते वजन गाडीच्या पाठीवर आलं. मग आत बसलेली पाच माणसं, पेट्रोलचे कॅन, दोरखंड, जॅकेटं. ते सगळं त्या आकड्यातून वजा करायचं. उरेल तेवढंच मागे ठेवायचं.

“आणि उरतं किती?” मी विचारलं.

“जास्त न्हाई, वहिनी. तीन-चार माणसं, फार तर.”

“पण मागे माणसं कशाला पाहिजेत?” मी म्हटलं. “माणसं नावेत असणार. नावेतून उतरली की ती काठावर आली. सुटली.”

कुलदीपने अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, “ही नको,” आणि बाहेर चालू लागल्या.

पुढच्या शोरूममध्ये आम्हाला साधी, दोन माणसांच्या केबिनची मालवाहू पिकअप दाखवली. तिचं पासिंग, म्हणजे पाठीवर वाहायला मंजूर असलेलं वजन, चांगलं होतं, हौदा लांब होता. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण तिथला माणूस म्हणाला की या गाडीला ट्रेलर जोडायला कंपनीची मान्यता नाही, हुक लावला तर वॉरंटी जाईल. अक्कांनी त्यालाही तोच प्रश्न विचारला. त्याने त्यांना पाणी दिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की आजींची तब्येत ठीक आहे ना.

मला रडू येईल असं वाटलं. मी बाहेर येऊन सुकुमारना फोन केला आणि झालेलं सांगितलं. म्हटलं, एक गाडी ओढते पण वाहत नाही, दुसरी वाहते पण ओढत नाही, आणि आईंना दोन्ही एकाच वेळी हवंय, मागे माणसं भरून. ते चिडले. म्हणाले, अण्णांनी म्हशीपायी जीव घालवला आणि आता ही माणसं भरायला निघाली आहे. तिला घरी घेऊन ये.

म्हशीचं असं होतं. पुराच्या दिवशी अण्णा आणि अक्का छपरावर होते. परगावच्या नावेने त्यांना आणि गल्लीतल्या सगळ्यांना उचलून पाण्याच्या टाकीजवळच्या उंच रस्त्यावर आणलं. तिथून पिकअपने सगळ्यांना तालुक्याच्या छावणीत नेलं. सगळ्यांना, अण्णा सोडून. ते ऐन वेळी गाडीतून उतरले आणि म्हणाले, म्हशीकडे बघून येतो. रात्रभर पाऊस पडला. सकाळी ते टाकीच्या कट्ट्यावर गारठलेले सापडले. त्यांना साखरेचा आजार होता, दोन दिवस पोटात काही नव्हतं. म्हैस तर आदल्या दिवशीच वाहून गेली होती. गाडीतल्या सगळ्यांनी त्यांचं ते वाक्य ऐकलं होतं, आणि सगळ्यांनी तेच सुकुमारना सांगितलं. ते तेव्हा पाण्यामुळे मिरजेतच अडकले होते, मी माहेरी होते. त्यांनी वडिलांचे दिवस केले, सगळं रीतीप्रमाणे केलं, पण माफ केलं नाही. घरात अण्णांचा विषय निघाला की जेवण टाकून उठायचे. अक्का कधी मधे बोलल्या नाहीत.

फोन ठेवून मी अक्कांकडे गेले आणि म्हटलं, आता घरी जाऊ या. त्या रस्त्याकडेच्या झाडाखाली उभ्या राहून उसाचा रस पीत होत्या, आणि रसवाल्याला विचारत होत्या, जुन्या गाड्या कुठे मिळतात.

“आई, तुम्हाला काय पाहिजे ते मला तरी सांगा,” मी म्हटलं. “मला काही समजत नाहीये.”

“समजंल,” त्या म्हणाल्या. “अजून एक ठिकाण बघू.”

मिरजेच्या रस्त्याला नदाफ नावाच्या गृहस्थांचा जुन्या गाड्यांचा अड्डा होता. पत्र्याचं कुंपण, आत ओळीने उभ्या जीपा, टेम्पो, पिकअप. नदाफ जाडजूड, हसतमुख माणूस. नाव बघून त्यांना फार गंमत वाटली. अक्कांनी त्यांनाही प्रश्न विचारला, आणि पहिल्यांदाच कुणी त्या प्रश्नाला हसलं नाही. ते म्हणाले, “आक्का, कागदावरनं कशाला? जोडून बघा की. माणसं हैतच हिकडं.”

अक्का ओळीने गाड्या बघत चालल्या. एका पांढऱ्या पिकअपपाशी थांबल्या. मध्यम आकाराची, हौद्याला निळा रंग दिलेली, मागे हुक असलेली.

“ही जोडा,” त्या म्हणाल्या.

कुलदीप मागून येत होता. तो जागीच थांबला. “अक्का, ही नको.”

“का?”

“माझ्याकडं हीच हुती. म्हंजे असलीच.”

“ठावं हाय. म्हणून तर म्हणतो, जोडा.” आमच्याकडच्या बायका तसं बोलतात, करतो, जातो. अक्का मात्र फक्त मन घट्ट केलं की तशा बोलत.

नदाफांच्या पोरांनी ट्रेलर जीपच्या हुकावरून सोडवला आणि पिकअपला जोडला. ट्रेलरची दांडी हुकावर बसली तशी गाडीची मागची बाजू थोडी दबली. मी ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. नाव तर चाकांवर होती, तरी गाडी दबली.

“आता माणसं,” अक्का म्हणाल्या.

अड्ड्यावरचे मेकॅनिक, चहावाला, टपरीवर बसलेले दोन-तीन ड्रायव्हर, सगळ्यांना ते जत्रेसारखं वाटलं. एकेक जण हौद्यात चढू लागला. अक्का मागच्या फळीजवळ उभ्या राहून चढवत होत्या, “तू ये, बाळ, तू पण ये.” कोण कुठे बसायचं तेही सांगत होत्या. तुम्ही पुढं सरका. तुम्ही कडेला. जणू कुणाची जागा कुठे होती, हे त्यांना पाठ होतं.

हौदा भरला. गाडीची पाठ खाली गेली होती आणि नाक वर. ट्रेलरची दांडी जमिनीकडे वाकली होती.

“चालव,” अक्का कुलदीपला म्हणाल्या.

तो केबिनमध्ये बसला. गाडी सुरू झाली, चार हात पुढे गेली, वळणावर पुढची चाकं वळवलेल्या दिशेला न वळता सरळच घसरली, आणि त्याने ब्रेक दाबला. मागची मंडळी ओरडून हसली. कुलदीप उतरला.

“न्हाई जमत,” तो म्हणाला. “स्टेअरिंग हलकं पडलंय. पुढची चाकं जमीन धरत न्हाईत.”

“मग काय करायचं?” अक्कांनी विचारलं.

तो हुकाकडे बघू लागला.

“मग काय करायचं, कुलदीप?”

“अक्का, राहू दे.”

“तवा म्हणालास की. म्हण.”

हौद्यातली माणसं हसायची थांबली. नदाफही पुढे आले. कुलदीपने दोन्ही हात पँटला पुसले आणि मागच्या फळीकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, “कुणीतरी उतराय पाहिजे.”

हौद्यात मागे बसलेला एक थोराड मेकॅनिक उडी मारून खाली उतरला. “घ्या, मी उतरलो,” म्हणाला. त्यासरशी गाडीची पाठ वर उचलली गेली. अक्कांनी ती वर येताना पाहिली आणि जवळच्या टायरवर मटकन बसल्या.

मी धावत गेले. पाणी दिलं. नदाफांनी सगळ्यांना खाली उतरवलं आणि चहा सांगितला. माणसं पांगली. मग अक्कांनी मला सांगितलं, कुलदीपच्या देखत.

त्या दिवशी टाकीजवळ आलेली पिकअप कुलदीपची होती. परगावची ती नाव ट्रेलरवर चढवून पुढे बोरजाईला न्यायची होती, कारण तिथे एक दिवस भरलेली बाई शाळेच्या माडीवर अडकली होती आणि तिच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. म्हणजे नाव सोडून जाता येत नव्हतं. आणि माणसंही सोडून जाता येत नव्हती, कारण पाणी चढत होतं आणि पोरंबाळं भिजून कुडकुडत होती. गल्लीतले सगळे हौद्यात चढले. गाडी बसली. ओल्या रस्त्यावर दोनदा घसरली. कुलदीप उतरून मागे आला आणि म्हणाला, कुणीतरी एक-दोघांनी उतरा, मी नाव पोचवून लगेच परत येतो. सगळे आपापल्या पोरांना धरून बसले. कुणी कुणाकडे बघेना. अण्णा अंगाने चांगले भरलेले. ते उठले.

“मला म्हणाले, माझ्या एकट्याचंच वजन दोघांचं हाय,” अक्का म्हणाल्या. “मी पण उतरतो म्हटलं, तर दटावलं मला. मग बाकीच्यांना जरा मोठ्यानं म्हणाले, म्हशीकडं बघून येतो.”

“पण म्हैस तर…” मी म्हटलं.

“म्हैस वाहून गेल्याली त्यांनीच बघितली हुती, पद्मा. छपरावरनं.”

इतकी वर्षं जे घरात खरं म्हणून वावरत होतं, ते अण्णांनी हौद्यातल्या माणसांना अपराधी वाटू नये म्हणून बोललेलं एक वाक्य होतं.

कुलदीप उकिडवा बसला होता. “मी परत आलतो, अक्का,” तो म्हणाला. “छावणीत तुमाला सोडलं, नाव बोरजाईला लावली, लगेच फिरलो. मधल्या ओढ्यावर पाणी आलं हुतं. गाडी पलीकडं गेलीच न्हाई. पाणी उतरायची वाट बघत तिथंच बसून राहिलो. पलीकडं कोण ऱ्हायलंय, ते मला नावानंसुद्धा ठावं न्हवतं.”

“परत आलतास ते कळलं मला. तुझ्या गावच्या बायकांनी सांगितलं.”

“मग तुमी कधी कायच बोलला न्हाईत.”

“काय बोलू? तुझी गाडी बसली हुती. मी बघितलं हुतं.” अक्कांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “आणि त्या बाईला पोरगी झाली, व्हय?”

“झाली. शाळंत जातीय आता.”

मी अक्कांना विचारलं, की सुकुमारना का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “तवा सांगितलं असतं, तर त्यानं ह्याचं डोस्कं फोडलं असतं. एक माणूस गेला हुता. अजून एक दवाखान्यात आणि एक तुरुंगात, हे कशाला? म्हटलं, रागच करायचा तर मेलेल्यावर कर. त्यांना काय लागणार हाय.”

“पण त्यांना लागतंय, आई,” मी म्हटलं. “ह्यांनाच लागतंय ते.”

चहा गार झाला होता, तो अक्कांनी तसाच पिऊन टाकला. मग उठून पदर खोचला आणि नदाफांना म्हणाल्या, “आता मोठी दाखवा.”

नदाफांकडे एक मोठी पिकअप होती. द्राक्षाच्या पेट्या वाहणाऱ्या कुणाची तरी. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, जाड, हौदा लांब, केबिन ओबडधोबड. दिसायला डबल कॅबच्या पासंगालाही पुरणार नाही अशी. तिला ट्रेलर जोडला. पाठ जरा दबली आणि थांबली. पुन्हा तीच माणसं चढली, तो थोराड मेकॅनिकही चढला, आणि या वेळी कुणी हसत नव्हतं. कुलदीपने गाडी अड्ड्याला वळसा घालून आणली, मग रस्त्यावर नेली, ब्रेक मारून बघितला, चढावर थांबवून पुन्हा उचलली. परत आल्यावर तो खाली उतरला आणि अक्कांकडे बघून त्याने फक्त मान हलवली. अजून जागा आहे, असं म्हणाला.

पुढच्या पुरात त्या गाडीच्या हौद्यातून कुणालाही उतरावं लागलं नाही, हे मी इथेच सांगून टाकते. त्या पुरात आणि नंतरच्याही. कमिटीने आधी खूप नाकं मुरडली, एवढं कशाला पासिंग, नाव तर केवढीशी, म्हणून. मी त्यांना हुकावरचं वजन समजावून सांगितलं. अण्णांचं नाव काढलं नाही.

ते सांगायचं काम अक्कांनी स्वतःवर घेतलं होतं. गाडी गावात आली त्या संध्याकाळी सुकुमार कामावरून घरी आले. दारात ती अवजड गाडी बघून त्यांचं तोंड उतरलं. मला म्हणाले, हेच आणलंस शेवटी? आणि चालवणार कोण? तेव्हा अक्का ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “बोरजाईचा कुलदीप चालवंल. बस हितं. तुला एक सांगायचं हाय.”

मी आत गेले नाही. दाराशी उभी राहिले. अक्कांनी सांगितलं ते मला सांगितलं होतं तेवढंच, तसंच. एकही शब्द वाढवला नाही. सुकुमार ऐकत होते की नाही, तेही कळेना. ते गाडीच्या मागच्या फळीकडे बघत होते. अक्कांचं बोलून झालं तरी बघतच होते. मग उठून आत गेले आणि न जेवता झोपले, म्हणजे पडून राहिले.

सकाळी त्यांनी मोटरसायकल बाहेर काढली. कुठे निघालात विचारलं, तर म्हणाले, बोरजाईला. मी चप्पल घातली आणि काही न विचारता मागे बसले. त्यांनी मला उतरवलं नाही. वाटेत मी मनात ठरवत होते, की ह्यांनी हात उचलला तर कुठून धरायचा. अक्का ओट्यावरून आमच्याकडे बघत होत्या, पण त्यांनी आम्हाला थांबवलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळत नव्हतं.

कुलदीप शेडमध्ये कोंबड्यांना खाद्य घालत होता. आम्हाला बघून त्याने हातातली बादली खाली ठेवली. पळाला नाही, पुढेही आला नाही. ओळख करून द्यायची गरज नव्हती. सुकुमार त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. मी सुकुमारांच्या डाव्या बाजूला उभी होते, कारण ते डावखुरे.

“उतरताना काय म्हणाले?” सुकुमारांनी विचारलं.

कुलदीपला प्रश्न समजायला वेळ लागला. मलाही लागला. मग तो सांगू लागला. म्हणाला, ते उतरले, मोठ्यानं म्हशीचं बोलले, आणि मी केबिनमध्ये जाऊन बसलो तर पुढं खिडकीशी आले. पाऊस मोप हुता. खिडकीवर हात ठेवला.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, हिला हितं पुढं घे, बाळ. मागं बसली की हिला मळमळतंय. मग अक्कांना पुढं घेतलं. मग म्हणाले, खड्डं बघून चालव.”

“अजून?”

“अक्का मागनं पुढं यायच्या आत म्हणाले, माझा पोरगा मिरजेला हाय, सुकुमार म्हणून. फोन लागला तर त्याला निरोप दे. म्हणावं, आम्ही दोघं बाहेर पडलोय, काळजी करू नको, आणि पाण्यातनं हिकडं यायचं धाडस करू नको.” त्याने सुकुमारांकडे पाहिलं. “फोन लागले न्हाईत दोन दिवस. मग कुठल्या तोंडानं देऊ निरोप?”

सुकुमार खाद्याच्या पोत्यावर बसले. कोंबड्या त्यांच्या पायांत येऊन दाणे टिपू लागल्या, तरी हलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी वर पाहिलं.

“परत सांग,” ते म्हणाले.

कुलदीप त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, आणि त्याने पहिल्यापासून परत सांगितलं.